बाळाचं पहिलं औषध

यंदाच्या अंकाचा विषय ‘स्पर्श’ आहे, असं संपादकांनी कळवलं तेव्हा मला ज्यांना स्पर्शच सोसत नाही अशी बाळं आठवली. दुपटं जरा सैल झालं की त्यांचे हातपाय थरथरू लागतात. दिवा लागला की ती दचकतात. त्यांच्या रडण्याचा सूर इतका वरचा आणि चिरका असतो की प्रसूती विभागात आयुष्य काढलेल्या नर्सेस दूरवरून ऐकूनही सांगतात, हे भुकेचं रडणं नाही.

ही बाळं पोटात असताना त्यांच्या आया अफूच्या जातीची औषधं घेत होत्या. कुणी डॉक्टरांनी लिहून दिलेल्या वेदनाशामक गोळ्या, कुणी हेरॉइन किंवा फेंटानिल, तर कुणी त्या व्यसनातून बाहेर पडण्यासाठी सुरू केलेलं औषध. स्पर्शानं बिथरणाऱ्या या बाळांवरचा पहिला उपचार मात्र स्पर्शच आहे. ही गोष्ट रुग्णालयांच्या रोजच्या कामात उतरायला चाळीस वर्षं गेली. या लेखात मुख्यतः त्या चाळीस वर्षांबद्दल आणि त्या काळात खोलीबाहेर ठेवलेल्या आयांबद्दल लिहायचं आहे.

नदीकाठचं हंटिंग्टन

मी ओहायो राज्यात, कोलंबसला राहते. २३ नंबरच्या महामार्गानं दक्षिणेला निघालं की चिलिकॉथी मागे पडतं, सपाट शेतं संपतात, डोंगर सुरू होतात आणि पोर्ट्समथ येतं. एके काळी हे बुटांच्या कारखान्यांचं गाव होतं. कारखाने गेले आणि पुढे रोख पैसे घेऊन गोळ्या लिहून देणाऱ्या दवाखान्यांसाठी ते देशभर बदनाम झालं. तिथून ओहायो नदीच्या कडेकडेनं गेलं की पलीकडच्या तीरावर वेस्ट व्हर्जिनियातलं हंटिंग्टन दिसतं. कॉलिस हंटिंग्टन या रेल्वेसम्राटानं १८७१ मध्ये वसवलेल्या या शहरात १९५० साली सुमारे ८६ हजार माणसं राहत होती. आज पन्नास हजारही नाहीत.

या डोंगरांमध्ये वेदना खरी होती, हे आधी सांगायला हवं. कोळशाच्या खाणीत वाकून काम करणाऱ्यांच्या पाठी आणि गुडघे चाळिशीतच जातात. पर्ड्यू फार्मा या कंपनीनं १९९६ मध्ये ऑक्सीकॉन्टिन ही गोळी बाजारात आणली आणि तिची सवय लागण्याचा धोका कमी असल्याचं डॉक्टरांना पटवत राहिली. २००७ मध्ये पर्ड्यूच्या संलग्न कंपनीनं या दिशाभुलीचा गुन्हा न्यायालयात कबूल केला. तोवर खूप उशीर झाला होता. वेस्ट व्हर्जिनियातल्या चार्ल्स्टनच्या ‘गॅझेट-मेल’चे पत्रकार एरिक आयर यांनी औषध वितरकांच्या नोंदी खणून काढल्या. अठरा लाखांच्या या राज्यात सहा वर्षांत हायड्रोकोडोन आणि ऑक्सीकोडोन या वेदनाशामकांच्या ७८ कोटी गोळ्या ओतल्या गेल्या होत्या. कर्मिट नावाच्या खाणगावात ३९२ माणसं होती आणि तिथल्या एका औषधाच्या दुकानात दोन वर्षांत जवळजवळ ९० लाख गोळ्या आल्या होत्या. या कामासाठी आयर यांना २०१७ चं पुलित्झर मिळालं.

गोळ्यांवर बंधनं आली, त्या महागल्या, आणि सवय लागलेली शरीरं स्वस्त हेरॉइनकडे वळली. त्यामागून फेंटानिल आलं. १५ ऑगस्ट २०१६ रोजी हंटिंग्टनमध्ये काही तासांतच दोन डझनांहून जास्त माणसं अतिमात्रेनं कोसळली आणि शहराचं नाव जगभर छापून आलं.

त्याच शहरात, त्याच वर्षांत, प्रसूतीच्या खोल्यांमध्ये काय चाललं होतं याची बातमी क्वचितच झाली. शहरातल्या मोठ्या रुग्णालयात जन्मणाऱ्या दर दहा बाळांमागे साधारण एकाला सुरुवातीला सांगितलेला हा त्रास होत होता. २०१७ मध्ये अमेरिकेत दर हजार जन्मांमागे अशी ७.३ बाळं नोंदली गेली. वेस्ट व्हर्जिनियात हाच आकडा ५३.५ होता.

नाळ कापल्यावर

बाळाच्या शरीरात नेमकं काय होतं, हे मला कोलंबसच्या आमच्या मंडळातल्या एका ताईंनी समजावून सांगितलं. त्या मूळच्या नागपूरच्या, नवजात बाळांच्या डॉक्टर.

“हे बघ, बाळाला सगळं नाळेतून मिळतं,” त्या म्हणाल्या. “ऑक्सिजन, साखर, आणि आईनं घेतलेली गोळीसुद्धा. वार ती अडवत नाही. नऊ महिने बाळाचा मेंदू त्या औषधाशी जुळवून घेत वाढतो. मग आपण नाळ कापतो आणि औषध एका क्षणात बंद होतं.”

मेंदूच्या बुंध्याशी पेशींचा एक इवलासा पुंजका असतो. शरीराला जागं आणि सावध ठेवणारं नॉरअ‍ॅड्रेनलिन तिथून सुटतं. अफू हा पुंजका दाबून ठेवते. दाब उठला की तो उसळतो, आणि मग बाळाच्या अंगभर जे होतं त्याची यादी आईबापांना हादरवणारी असते. हातपाय कडक होतात, मुठी थरथरतात. घाम येतो, अंग तापतं, शिंकांवर शिंका आणि जांभयांवर जांभया येतात. बाळ अधाशासारखं चोखतं, पण चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ बसत नाही, म्हणून दूध पोटात जात नाही. गेलेलं उलटून पडतं. पातळ शीनं ढुंगण सोलवटतं. चादरीवर घासून हनुवटी आणि गुडघे लाल होतात. थोड्या बाळांना आकडीही येते.

आईनं काय घेतलं होतं यावर या सगळ्याची वेळ ठरते. हेरॉइन असेल तर बहुधा पहिल्या दिवसातच सुरू होतं. व्यसनातून बाहेर पडण्यासाठी दिलेलं मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन असेल तर दुसरा-तिसरा दिवस उजाडतो, कधी त्याहून उशीर होतो. म्हणून अशा बाळाला दुसऱ्या दिवशी घरी सोडत नाहीत. लांब काळ टिकणाऱ्या औषधांसाठी चार ते सात दिवस डोळ्यांपुढे ठेवतात.

ताईंनी आणखी एक गोष्ट आवर्जून लिहायला सांगितली. अतिमात्रेत मोठ्यांचा जीव वाचवणारं नालोक्सोन अशा बाळाला जन्मतः श्वास सुरू करण्यासाठी देऊ नये. त्यानं त्रास एकदम उसळून आकडी येऊ शकते. श्वास मंद असेल तर मास्क आणि पिशवीनं श्वास द्यायचा.

मग त्या थोड्या चिडून बोलल्या. “आणि या बाळांना व्यसनी म्हणू नका गं. व्यसन लागलेला माणूस नुकसान दिसत असूनही त्या वस्तूमागे धावतो. हे बाळ कशामागे धावतंय? त्याच्या शरीराला सवय झालीय, एवढंच. ती काही दिवसांत किंवा आठवड्यांत उतरते.”

एकवीस लक्षणांचा तक्ता

फिलाडेल्फियाच्या डॉ. लॉरेटा फिनेगन यांनी १९७५ मध्ये या बाळांसाठी गुण देण्याची पद्धत प्रसिद्ध केली. त्याआधी कोणत्या बाळाला औषध द्यायचं आणि किती, याला काही मापच नव्हतं. त्या तक्त्यात एकवीस लक्षणं होती. दर तीन-चार तासांनी बाळाला तपासून गुण द्यायचे आणि बेरीज लागोपाठ आठ किंवा त्याहून जास्त राहिली तर तोंडातून मॉर्फिनचे थेंब सुरू करायचे. पुढे हे थेंब इतक्या इंचाइंचानं कमी करत जायचे, की बाळाचं रुग्णालयातलं वास्तव्य तीन-तीन आठवड्यांवर जायचं. या तक्त्यानं असंख्य बाळांना आकडीपासून वाचवलं. फिनेगन यांचं ऋण मोठं आहे, आणि गरोदर व्यसनी स्त्रियांकडे गुन्हेगार म्हणून नाही तर रुग्ण म्हणून बघा, हे त्या त्या काळातही सांगत होत्या.

पण तक्ता जिथे भरला जात होता, ती जागा चुकीची होती. अशी बाळं सरसकट अतिदक्षता विभागात जात. तिथे प्रखर दिवे, यंत्रांचे आवाज, शेजारी जिवाशी झगडणारी अपुऱ्या दिवसांची बाळं. आई भेटीच्या वेळेपुरती, बऱ्याचदा सगळ्यांच्या नजरा झेलत.

हंटिंग्टन परिसरातल्या एका निवृत्त नर्सनं मला सांगितलं, “दर तीन तासांनी मी झोपलेल्या बाळाला उठवायचे. दुपटं सोडायचे. थरथरतंय का बघायचे. उघडंवाघडं, दिव्याखाली, झोपमोड झालेलं बाळ. ते थरथरणारच की. मग मी गुण लिहायचे आणि डोस वाढायचा.”

हे सांगताना तिचा आवाज भरून आला होता. ती नियमाप्रमाणेच काम करत होती. तिच्यासारख्या हजारो नर्सेस करत होत्या.

खाल्लं का, झोपलं का, शांत झालं का

कनेक्टिकट राज्यातल्या न्यू हेवनला, येल विद्यापीठाच्या बालरुग्णालयात डॉ. मॅथ्यू ग्रॉसमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यातला एकेक धागा सोडवायला घेतला. त्यांनी बाळांना अतिदक्षता विभागातून बाहेर काढलं आणि आईसोबत साध्या खोलीत ठेवलं. मंद उजेड, कमी आवाज, आईची छाती आणि अंगावरचं दूध यांना त्यांनी औषधाचा दर्जा दिला. त्रास वाढला तर आधी या गोष्टी वाढवायच्या, मॉर्फिन नंतर.

एकवीस लक्षणांच्या जागी तीन प्रश्न आले. बाळ वयाच्या मानानं पुरेसं दूध पितं का? कुणी न उठवता तासभर झोपतं का? रडायला लागलं तर दहा मिनिटांत शांत होतं का? तिन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर बाळ शिंकलं, थरथरलं, जांभया दिल्या, तरी ते बाळ म्हणून जगतंय असं धरायचं. उत्तर ‘नाही’ असेल तर माणसं खोलीत जमतात आणि आणखी काय करता येईल ते बघतात. तेवढ्यानं भागलं नाही तर मॉर्फिनचा एखादा डोस, गरजेपुरता.

२०१७ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापले. रुग्णालयातलं सरासरी वास्तव्य २२.४ दिवसांवरून ५.९ दिवसांवर आलं होतं. पूर्वी शंभरातल्या ९८ बाळांना मॉर्फिन लागायचं, आता १४ जणांना लागत होतं. एका रुग्णालयातलं यश दुसरीकडे टिकेल का, ही शंका रास्त होती. २०२३ मध्ये २६ रुग्णालयांतल्या १३०५ बाळांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. जुन्या पद्धतीत बाळ घरी जायला तयार व्हायला १४.९ दिवस लागत होते, नव्या पद्धतीत ८.२. औषध लागणाऱ्या बाळांचं प्रमाण ५२ टक्क्यांवरून १९.५ टक्क्यांवर आलं.

या पद्धतीनं काम करणाऱ्या एका विभागात काही वेळ बसायची परवानगी मला मिळाली. खोलीचे पडदे ओढलेले. आरामखुर्चीत आई, तिच्या उघड्या छातीवर फक्त डायपर घातलेलं बाळ, वरून एक पांघरूण. नर्स दारात येऊन थांबली, बाळ झोपलंय हे पाहिलं आणि परत गेली. उठल्यावर बोलाव, एवढंच हळूच म्हणाली. बाळ उठलं तेव्हा तिनं आईला धरायची रीत पुन्हा दाखवली. हात छातीशी मिटलेले, पाठ किंचित वाकवलेली, पोटातल्यासारखी. हलवायचं ते डावीउजवीकडे नाही, सावकाश वरखाली. एका वेळी एकच गोष्ट करायची. डोळ्यांत बघायचं तर बोलायचं नाही, बोलायचं तर थोपटायचं नाही. थोडं थोडं, पुन्हा पुन्हा पाजायचं. आणि बाळ हातात असताना डोळा लागायला लागला तर लगेच सांगायचं, म्हणजे दुसरं कुणी घेईल. आईजवळ झोपेत बाळ गुदमरू नये, याची काळजी तिथे अतिशय काटेकोरपणे घेतात.

आई आंघोळीला गेली की बाळाला घ्यायला निवृत्त शिक्षक, शिक्षिका, आज्या येतात. बाळाला नुसतं धरून बसणं हे त्यांचं काम. त्यासाठी त्यांचं प्रशिक्षण होतं, पार्श्वभूमी तपासली जाते, आणि तरी त्यांची प्रतीक्षायादी असते.

गिरणगावातली बाळागोळी

त्या खोलीत बसले असताना मला मुंबई आठवत होती. शंभर वर्षांपूर्वीची, गिरण्यांची.

बाळंतपणानंतर काही आठवड्यांतच बायका साच्यावर परतायच्या. दहा-दहा तासांची पाळी. घरी तान्हं बाळ आणि त्याला सांभाळायला शेजारची म्हातारी, नाहीतर पाच-सहा वर्षांची बहीण. सकाळी निघताना आई बाळाच्या तोंडात बाळागोळी घालायची. त्यात अफू असायची. बाळ दिवसभर पेंगायचं, रडायचं नाही, दूधही मागायचं नाही. मुंबई सरकारनं गिरणीतल्या बायकांच्या स्थितीची पाहणी करायला नेमलेल्या डॉ. बार्न्स यांनी १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला नोंदवलं की या कामगार स्त्रियांच्या शंभरांपैकी ९८ बाळांना अफू दिली जात होती. सी. एफ. अँड्र्यूज यांनी हिंदुस्थानातल्या अफूवरच्या आपल्या पुस्तकात हा आकडा ब्रिटिश सरकारपुढे धरला. गिरण्यांमध्ये पाळणाघरं हवीत, ही मागणी ज्या कारणांनी पुढे रेटली गेली, त्यांत बाळागोळी हे मोठं कारण होतं.

अमेरिकेतलं मॉर्फिन डॉक्टर मोजून देत होते आणि गरज असलेल्या बाळाला ते आजही द्यावं लागतं, हे मला कळतं. तरी या दोन गोष्टी मला वेगळ्या ठेवता येत नाहीत. गिरणगावात आईला पाळीनं घराबाहेर ठेवलं, इथे नियमानं आणि लाजेनं खोलीबाहेर. दोन्हीकडे तिची रिकामी जागा अफूनं भरली.

ती आणि तिची भीती

आरामखुर्चीतली ती आई पंचविशीच्या आसपासची होती. तिची ओळख पटेल असं काही लिहिणार नाही, असं मी तिला कबूल केलं आहे. शाळेत असताना गाडीच्या अपघातात मार लागला, गोळ्या सुरू झाल्या, मग हेरॉइन. दिवस राहिल्याचं कळलं त्या दिवशी तिनं सगळं एकदम बंद केलं. तीन दिवस उलट्या, जुलाब, अंगभर ठणका. चौथ्या दिवशी पुन्हा सुई.

“सगळे मला सांगत होते, बंद कर,” ती म्हणाली. “डॉक्टर पहिल्यांदा म्हणाल्या, असं एकटीनं बंद करू नकोस, हे घे.”

‘हे’ म्हणजे ब्युप्रेनॉर्फिन. आईला औषध मिळतंय म्हणजे व्यसनच चालू आहे, असं बाहेरून बघणाऱ्याला वाटतं. प्रत्यक्षात अचानक बंद करणाऱ्या बहुतेक जणी पुन्हा व्यसनाकडे वळतात, आणि तेव्हा अतिमात्रेचा धोका सर्वांत मोठा असतो. मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन रोज ठरल्या मात्रेत मिळालं की शरीरातले चढउतार थांबतात, चोरीमारी आणि सुया थांबतात, गर्भारपणाच्या तपासण्या सुरू होतात. बाळाला नंतर त्रास होऊ शकतो, पण तो ठाऊक असलेला आणि उपचार करता येणारा त्रास असतो. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत ब्युप्रेनॉर्फिन घेणाऱ्या आयांच्या बाळांना, मेथाडोनच्या तुलनेत, ८९ टक्के कमी मॉर्फिन लागलं. आई या औषधांवर स्थिर असेल आणि दुसरं वैद्यकीय कारण आड येत नसेल, तर तिनं अंगावर पाजावं असाच सल्ला दिला जातो. दुधातून जाणारं औषध अगदी थोडं असतं.

तिला रात्री झोप येत नव्हती ती बाळाच्या थरथरीनं नव्हे. समाजसेवा खात्याची बाई येईल आणि बाळ नेईल, या भीतीनं. ती भीती हवेतली नाही. टेनेसी राज्यानं २०१४ मध्ये गरोदरपणी अमली पदार्थ घेतल्यामुळे बाळाला त्रास झाला तर आईवर हल्ल्याचा गुन्हा लावायची मुभा देणारा कायदा केला. बायका तपासणीला जायच्या बंद झाल्याचं डॉक्टर सांगत राहिले. २०१६ मध्ये त्या कायद्याची मुदत संपली आणि तो पुढे वाढवला गेला नाही. अलाबामात मात्र मुलाला अमली पदार्थांच्या धोक्यात घातल्याबद्दलचा कायदा गरोदर बायकांना लावला गेला आणि २०१३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं तो उचलून धरला.

काही बाळांना सुरक्षित घर नसतं, हेही खरं आहे. आई तुरुंगात असते, कधी जिवंत नसते. या भागात नातवंडं वाढवणारे साठी-सत्तरीतले आजीआजोबा घरटी भेटतात. पण आईची शिक्षा हा बाळाचा उपचार होऊ शकत नाही. तिला जितकी दूर लोटाल तितके बाळाचे थेंब वाढतील, असंच आता आकडेही सुचवतात.

हंटिंग्टननं याचं एक उत्तर शोधलं. तिथल्या रुग्णालयातल्या नर्सेसनी पुढाकार घेऊन २०१४ मध्ये ‘लिलीज प्लेस’ सुरू केलं. रुग्णालयाबाहेरचं, घरासारखं, फक्त या बाळांसाठीचं आणि त्यांच्या कुटुंबांसाठीचं केंद्र. बाळाला लहान शांत खोली, आणि आईला धरायचं, पाजायचं कसं याचं शिक्षण. अशा केंद्राला सरकारी विम्याचे पैसे कोणत्या खात्यातून द्यायचे, हेच कायद्यात नव्हतं. ती तरतूद यायला २०१८ साल उजाडलं.

घरी गेल्यावर

बाळ घरी गेलं म्हणजे संपलं नाही. चिडचिड, अपुरी झोप आणि पाजण्यातली ओढाताण काही महिने रेंगाळू शकते. डोळ्यांचा तिरळेपणा आणि वाढीचे टप्पे बघत राहावे लागतात. आईला सुईतून हेपटायटिस सी झाला असेल तर शंभरांतल्या साधारण सहा बाळांना तो जातो, म्हणून ती तपासणी चुकवायची नाही. बाळाच्या पुढच्या आयुष्याचं काय, या प्रश्नावर ताई ठाम होत्या. नऊ महिन्यांतल्या औषधाइतकाच, कदाचित त्याहून जास्त, फरक पुढच्या घरानं पडतो. आई बाळंतपणानंतर उपचारावर टिकली का, हे त्या आधी विचारतात. बाळ जन्मल्यावर सगळ्यांचं लक्ष बाळाकडे जातं, आणि बाळंतिणीचा दवाखाना सुटतो तो त्याच महिन्यांत.

आपल्याकडे हे नाही, असं म्हणू नका. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत अफूवर्गातली द्रव्यं घेणारे दोन कोटींहून अधिक लोक भारतात असल्याचं दिसलं. त्यांत बायकांचं प्रमाण पुरुषांपेक्षा पुष्कळ कमी होतं, आणि म्हणूनच त्या लपून राहतात. कंबरदुखीसाठी घेतलेलं ट्रॅमाडॉल, कोडीनवालं खोकल्याचं औषध, रोजचं होऊन बसलेलं. २०१८ पासून ट्रॅमाडॉल अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं आहे, तरी घराघरांतल्या डब्यांतून ते गेलेलं नाही.

घरात कुणी गरोदर असेल आणि अशी गोळी किंवा बाटली रोज लागत असेल, तर तिला रागावू नका आणि ते औषध परस्पर बंदही करू नका. डॉक्टरांना बाळंतपणाआधी सांगा, म्हणजे ते बाळाला पुरेसे दिवस नजरेखाली ठेवतील. आणि दवाखान्यात कुणी आईला बाळापासून बाजूला करू लागलं, तर कारण विचारा आणि शक्य असेल तर तिला खोलीतच राहू द्या, असा आग्रह धरा. राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनचा क्रमांक १४४४६ आहे, त्यावर फोन करायला पैसे पडत नाहीत.